फटफटीचं घराणं

गाण्यात घराणी असतात हे आपल्याला ठाऊक आहे. घराणं म्हटलं की त्याची गायकी आली, कडवा शिष्यवर्ग आला आणि 'आता पूर्वीचं राहिलं नाही' म्हणून दर दहा वर्षांनी मान हलवणारी पहिली रांगही आली. पण फटफटीलासुद्धा घराणं असतं, आणि तिथली पहिली रांग गाणंवाल्यांपेक्षाही हळवी असते, हे मला आमच्या भाच्यामुळे कळलं.

२०२४ च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी तो तोंड पाडून घरी आला. "मामा, संपलं सगळं!" मला वाटलं, नोकरी गेली. हिने लगबगीनं पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर उलगडा झाला. इटलीतल्या डुकाटी कंपनीने आपल्या 'पानिगाले व्ही-२' या गाडीच्या नव्या इंजिनात व्हॉल्व मिटायला साध्या स्प्रिंगा घातल्या होत्या! वास्तविक भाच्याची स्वतःची फटफटी शंभर सी.सी.ची, तीही हप्त्यांवरची, आणि तिच्यात जन्मापासून स्प्रिंगाच आहेत. पण वारकऱ्याला विठोबा स्वतःच्या मालकीचा असावा लागतो थोडाच!

आता हे स्प्रिंगांचं प्रकरण काय, ते मला समजलं तसं सांगतो. पूर्वी स्वयंपाकघराला जाळीचं दार असे. ढकललं की उघडे आणि स्प्रिंगमुळे आपोआप मिटे. इंजिनाच्या व्हॉल्वचंही तसंच असतं. कॅम त्याला ढकलून उघडतो, स्प्रिंग मिटवते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत बारा पोरं आत-बाहेर पळू लागली म्हणजे स्प्रिंगेला दम खायला वेळ मिळत नाही. दार पुरतं मिटायच्या आत दुसरं कार्टं येऊन धडकतं. शर्यतीच्या इंजिनात नेमकं हेच होई. यावर उपाय एकच. दाराशी आजीला बसवायचं. पोरगं गेलं की आजी आपल्या हातानं दार ओढून घेणार, स्प्रिंगेच्या मर्जीवर काही नाही. या आजीला डुकाटीवाले 'डेस्मो' म्हणतात. व्हॉल्व उघडायला एक कॅम आणि मिटायला दुसरा. भाच्याच्या मते डुकाटी म्हणजे ही आजी. आजीच गेली, तर घर कसलं?

मी म्हटलं, घराण्याची वंशावळ तरी पाहू. पाहिली, तर मूळपुरुषांनी फटफटीला हातच लावलेला नाही! १९२६ साली बोलोन्या शहरात डुकाटी कुटुंबानं कंपनी काढली ती रेडिओचे कंडेन्सर करण्यासाठी. पुढे कॅमेरे केले, विजेवर चालणारे दाढीचे रेझरही केले. १९४४ च्या ऑक्टोबरात बोर्गो पानिगाले भागातल्या त्यांच्या कारखान्यावर बाँब पडले आणि सगळं जमीनदोस्त झालं. युद्ध संपलं तेव्हा लोकांना रेडिओपेक्षा कामावर पोचण्याची काळजी जास्त होती. तेव्हा १९४६ पासून कंपनी सायकलला जोडायचं ४८ सी.सी.चं एक इंजिन करू लागली. नाव 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. त्याचा आराखडाही घरचा नव्हे, तोरिनोतल्या एका वकिलाचा! त्या पिल्लानं कंपनी जगवली. कंडेन्सरच्या भक्तांनी तेव्हा नक्कीच मान हलवली असेल.

आजी घरात आली ती त्यानंतर. १९५४ साली फाबिओ ताल्योनी नावाचे इंजिनिअर कंपनीत आले. डेस्मो ही काही त्यांचीच कल्पना नव्हे. त्याच वर्षी मर्सिडीजनं ती शर्यतीच्या मोटारीत घातली होती. पण ताल्योनींनी ती १२५ सी.सी.च्या फटफटीत बसवली आणि १९५६ च्या स्वीडनच्या ग्रां प्रीमध्ये पहिल्याच फटक्याला शर्यत मारली. १९६८ मध्ये आजी रस्त्यावरच्या गाडीतही आली. १९७२ साली इमोलाच्या दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रूनो स्पाज्जारी दुसरा, दोघेही डुकाटीवर. १९७८ मध्ये तर माइक हेलवूडनं कमाल केली. अकरा वर्षांनंतर आयल ऑफ मॅनच्या टी.टी.ला परतलेला हा अडतीस वर्षांचा गडी डुकाटीवर बसून जिंकला. घराण्याचं नाव झालं ते असं.

नाव झालं म्हणून तिजोरी भरतेच असं नाही, हे गवयांना सांगायला नको. १९८५ साली घर काजिवा नावाच्या दुसऱ्या इटालियन कंपनीकडे गेलं. १९९३ मध्ये मिगेल गालुत्सी यांनी एका गाडीची चौकट, दुसरीचं इंजिन घेऊन, वरचं आवरण काढून टाकून 'मॉन्स्टर' नावाची गाडी बांधली. आपल्याकडे याला फोडणीचा भात म्हणतात. पुढच्याच वर्षी मास्सिमो ताम्बुरिनींची '९१६' आली, आणि तिच्या देखणेपणाची चर्चा अजून संपलेली नाही. पण घर चालवायला हातभार लावला तो फोडणीच्या भातानं. मेजवानी रोज कोण जेवतो?

भक्तांचं प्रेम कसं असतं, ते पुढच्या गाडीला विचारावं. २००२ साली दाखवलेल्या '९९९' चे दिवे शेजारी-शेजारी नसून एकावर एक होते आणि मागचं चाक एका बाजूनं धरण्याऐवजी दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं. तिनं सुपरबाइकच्या तीन जगज्जेतेपदांचे मानकरी घडवले, पण मुलगी पहिल्या नंबरानं पास झाल्यावरही 'नाक जरा बसकं आहे हो' म्हणणारे नातेवाईक असतातच. २००७ च्या '१०९८' वर कंपनीनं मुकाट्यानं दिवे आडवे केले आणि चाकही पुन्हा एका बाजूनं धरलं. पुढे २०२४ साली दाखवलेल्या पानिगाले व्ही-४ ला ते चाक परत दोन्ही बाजूंनी धरलं! हेच जर घराणं, तर पदर कुठल्या खांद्यावर घ्यायचा यावर चाललेलं सासू-सुनेचं भांडण कशाला म्हणायचं?

खरी वळणवाट मात्र वेगळीच होती. २००३ साली 'मल्टिस्ट्राडा' आली. मल्टिस्ट्राडा म्हणजे अनेक रस्ते. इतकी वर्षं डुकाटीवर बसायचं म्हणजे टाकीवर ओणवं व्हायचं, जणू खाली पडलेली सुई शोधतोय. मल्टिस्ट्राडावर माणूस ताठ बसू लागला. मागे बायको, बाजूला सामान. तरुणपणी ज्यांनी भिंतीवर '९१६' चं चित्र लावलं होतं, त्यांच्या हाती पैसा आला तेव्हा कंबर गेली होती, हे कंपनीनं ओळखलं. २०१२ मध्ये घर आउडीकडे गेलं, आणि २०२० च्या ऑक्टोबरात मल्टिस्ट्राडासाठी केलेल्या नव्या व्ही-४ इंजिनातून आजी निवृत्त झाली. कारण साधं होतं. आजीची बडदास्त महाग. दर व्हॉल्वला उघडण्याची फट वेगळी तपासायची, मिटण्याची वेगळी. नव्या इंजिनाची फट पाहायची ती साठ हजार किलोमीटरनंतर. माझी स्कूटर वीस वर्षांत तेवढी हिंडलेली नाही. आजच्या स्प्रिंगा १९५६ च्या राहिलेल्या नाहीत, पोरांच्या मागे त्या धावू शकतात.

तरीही भाच्याच्या दुःखाला मी हसणार नाही. आजी दाराशी बसायची ती नुसती दार लावायला नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायचं, या घराला आजी आहे. स्प्रिंग दार लावील, पण 'कुठं चाललास रे?' म्हणून विचारणार नाही. आणि गिऱ्हाईकानं इतकी वर्षं जास्तीचे पैसे मोजले ते त्या विचारण्याचेच होते.

मात्र कंपनीनं आजीला वृद्धाश्रमात धाडलेलं नाही. जिथे पोरं खरोखर जिवाच्या आकांतानं पळतात, त्या शर्यतीच्या दाराशी ती बसूनच आहे. २०२५ साली मार्क मार्केस जगज्जेता झाला तो तिच्याच जिवावर. ताल्योनी २००१ मध्ये गेले. त्यांनी आजीला आणलं ते परंपरा म्हणून नव्हे, तर दार लागत नव्हतं म्हणून. आणि परंपरा म्हणून तिला धरून बसलो ते आपण.

२०२३ पासून तीन वर्षं याच घराच्या विजेवरच्या गाड्या शर्यतीत धावल्या. त्यांना व्हॉल्वच नाही, म्हणजे दारही नाही नि आजीही नाही. कंडेन्सरवाले मूळपुरुष वरून पाहून म्हणाले असतील, चला, पोरं वळणावर आली! आणि पुढेमागे एखादा भाचा आपल्या मामाकडे तोंड पाडून येईल आणि उसासा टाकून म्हणेल, "काय ते दिवस होते मामा! तेव्हा निदान स्प्रिंगा तरी होत्या!"