गजांवरचा जुना रंग



आपल्या वळच्या आजूबाजूला आता गोदामांची रांग लागली आहे. पण गावातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना गज अजून तेच आहेत. इथला दमट वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. म्हणून गणपतीच्या आधी आपण गज, ग्रील, कडी-कोयंडे रंगवायला काढतो. डबाभर ऑइल पेंटमध्ये घर नवं दिसतं.

या रंगाची गोष्ट जुनी आहे. पूर्वी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत. शेंदूर शिशापासून बनतो. तो जवसाच्या तेलात कालवून लावला की लोखंड सहसा गंजत नसे. तयार रंग तेव्हा बरेचसे परदेशातून येत. दुसऱ्या महायुद्धात ते येणं अडलं. १९४२ साली मुंबईत, गिरगावच्या गायवाडीत, चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये रंग बनवायला घेतला. तीच पुढची एशियन पेंट्स. मग छोटे डबे गावोगावच्या दुकानांत आले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगली आणि घरातले गजही.

पण त्या काळी जगभरच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असे. पिवळा, शेंदरी रंग खुलावा, रंग लवकर वाळावा म्हणून ते घालत. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. पोटातल्या बाळालाही ते बाधतं. आपल्या सरकारने २०१६ साली नियम केला: घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको. नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला.

नियम नव्या डब्याला लागू झाला, गजावरच्या जुन्या थरांना नाही. ते थर आपण दरवर्षी घासतो, तेही बहुतेक बाईच. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, जाळूही नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा. तोंडाला मास्क लावा. मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. निघालेला चुरा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपा आणि पिशवीत बांधून ठेवा, अंगणात टाकू नका. लोखंड पूर्ण वाळलं की लगेच रेड ऑक्साइडचा हात द्या. त्यातला तांबडा रंग गेरूच्याच जातीचा, लोखंडाचा असतो, शिशाचा नव्हे. डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचा.

घर नवं दिसू दे, आणि घरातलं लेकरूही सुखरूप राहू दे.