टी-शर्टवरचं ४२०

परवा एसटी स्टँडवर एका पोराच्या टी-शर्टवर मोठ्ठं ‘४२०’ छापलेलं दिसलं. शेजारचे आजोबा पुटपुटले, “लबाड आहे हे छातीवर लिहून कशाला फिरायचं?”

आजोबांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे ४२० म्हणजे फसवणूक. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम. राज कपूरचा ‘श्री ४२०’ १९५५ चा, त्याच अर्थाचा. पण पोराच्या छातीवरचं ४२० अमेरिकेतून आलेलं. तिकडे त्याचा अर्थ गांजा ओढणं.

त्याचा उगम पोरकट आहे, पण मजेशीर. साल १९७१, कॅलिफोर्नियातलं सॅन राफेल. शाळेतल्या पाच मुलांचं टोळकं. एका भिंतीपाशी बसून टवाळक्या करायचे, म्हणून नाव ‘वाल्डोज’. त्यांना कळलं, पॉइंट रेझ भागात तटरक्षक दलातल्या एकानं गांजा लावलाय आणि तो आता बेवारस आहे. झालं! शाळा, खेळाचा सराव उरकला की ४ वाजून २० मिनिटांनी लुई पाश्चरच्या पुतळ्याजवळ जमायचं आणि शोधायला निघायचं. दिवसभर एकमेकांना खूण एकच, “४:२० लुई”. पुढे लुई गळाला. गांजाचा तो वाफा शेवटपर्यंत सापडलाच नाही. शब्द मात्र टिकला, कारण मास्तर नि आईबाप समोर असले तरी बिनधास्त बोलता यायचं.

‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या चाहत्यांमधून तो पसरला. मग त्यांच्याच गोतावळ्यात वाटलेल्या एका पत्रकात लिहिलं गेलं की ४२० हा गांजासाठीचा पोलिसांचा कोड आहे. ‘हाय टाइम्स’ मासिकानं १९९१ मध्ये ते छापलंही. साफ खोटं! कॅलिफोर्नियाच्या कलम ४२० चा गांजाशी संबंधच नाही. वाल्डोजनी जपलेली सत्तरच्या दशकातली पत्रं पुढे आली, तरी पोलिस कोडची थाप अजून फिरतेच आहे.

आपलं कलम ४२० तर १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झालं. न्याय संहितेत फसवणूक आता कलम ३१८ मध्ये. पण लबाडाला ‘तीनशे अठरा’ कोण म्हणणार?

कॅलिफोर्नियात २०१६ च्या मतदानानं प्रौढांना गांजा मोकळा झाला. इथे मात्र १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पोराला यातलं काय ठाऊक होतं, विचारणार होतो. तेवढ्यात त्याची गाडी लागली.