मालमोटारीचे सारथ्य आणि शाळेचा दाखला

वसई तालुक्यातून मुंबई-अहमदाबाद राजमार्ग जातो. त्यावरील मालमोटारींच्या सारथ्यास शालेय शिक्षणाची अट १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात नव्हती. क्लीनर म्हणून चढलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली शिकून चालक होई. पुढे केंद्रीय नियमांनी आठवी उत्तीर्णतेचा दंडक घातला. हात तयार असूनही कित्येकांची वाट अडली. सप्टेंबर २०१९ मध्ये तो दंडक रद्द झाला. मात्र वयाची २० वर्षे, हलक्या वाहनाच्या परवान्याचे एक वर्ष, रीतसर प्रशिक्षण आणि कसोटी यांतून सुटका नाही, ती नसावीही. ज्या ज्ञातिबांधवांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांनी खचू नये. पण रस्त्यावरील पाट्या वाचण्यापुरते अक्षरज्ञान अवश्य संपादावे. दाखल्याची अट गेली, विद्येची गरज गेलेली नाही.