पट्टा, पंखा आणि रविवार

गेल्या शनिवारी सकाळी मामाचा फोन आला. "तू इंजिनियर ना? मग ये आणि आमचा पंखा बघ." मी सॉफ्टवेअरवाला, माझा आणि पंख्याचा संबंध रेग्युलेटर फिरवण्यापुरता, हे त्याला दहा वर्षांत पटवून देता आलेलं नाही. निमूटपणे विरार लोकल पकडली आणि वसईला उतरलो.

मामाचा वसई पूर्वेला गोखिवऱ्यात एक गाळा आहे. आसपासच्या कारखान्यांना तिथून दुपारचे चारेकशे डबे जातात. तीन मोठ्या भट्ट्या, वर पत्र्याचा हूड, हूडातून डक्ट आणि डक्टच्या टोकाला छतावर पट्ट्यावर चालणारा ब्लोअर. ब्लोअर बसवून तीनच महिने झाले होते, तरी फोडणी पडली की अख्खा गाळा खोकत होता. बसवणारा फिटर दोनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा बेल्ट बदलला. दुसऱ्यांदा मोटरवरची पुली मोठी केली. तेव्हापासून धूर तर होताच, वर तासाभरात मोटर ट्रिप व्हायला लागली. (कारण न शोधता सर्व्हर मोठा करणारे आपल्याकडेही कमी नाहीत, तेव्हा हसण्यात अर्थ नाही.)

"आचारी खोकतोय," मामा म्हणाला. "सोमवारी जास्त. बाबांसारखा."

बाबा म्हणजे माझे आजोबा. परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर परळची खोली सुटली आणि लालबाग-परळच्या कितीतरी घरांसारखं आमचं आजोळही वसईच्या बाजूला आलं. सोमवारच्या खोकल्याकडे पुढे येतो.

आधी हा पट्टा कुठून आला ते. पंखा थेट मोटरला का नाही लावायचा, असा प्रश्न मलाही पडला होता. कारणं दोन. भट्टीवरून येणारी हवा गरम आणि तेलकट असते, मोटर तिच्या वाटेत ठेवली तर फार दिवस टिकत नाही. म्हणून मोटर बाहेर आणि मध्ये पट्टा. दुसरं म्हणजे पुल्यांचे आकार बदलून पंख्याचा वेग ठरवता येतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावर ४ इंची पुली आणि पंख्यावर ८ इंची असेल तर पंखा ७२० नं फिरतो.

ही युक्ती गिरण्यांइतकी जुनी. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती चालू झाली. पुढच्या काळातली गिरणी डोळ्यांसमोर आणा: तळाशी वाफेचं एक प्रचंड इंजिन, त्याच्या फ्लायव्हीलवरच्या खाचांतून वर जाणारे जाडजूड दोर, प्रत्येक मजल्यावर छताखाली आडवा फिरणारा लांबच लांब लाइनशाफ्ट, आणि त्यावरून प्रत्येक मशीनवर उतरणारा चामड्याचा सपाट पट्टा. मशीन थांबवायचं तर पट्टा सरकवून शेजारच्या मोकळ्या फिरणाऱ्या पुलीवर घालायचा. शाफ्ट मात्र फिरतच राहायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच प्रोसेस, आणि सगळी गिरणी तिच्यावर टांगलेली.

त्या पट्ट्यांच्या जंगलात माणसं उभी असायची, आणि मुलंही. धोतराचा सोगा किंवा पदर पट्ट्यात गेला तर शाफ्ट कुणासाठी थांबत नसे. भारतातला पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ चा. तो शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. धोकादायक यंत्रांना कुंपण घाला, सात वर्षांखालचं मूल कामावर ठेवू नका, सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नका, इतकंच. मोठ्यांच्या तासांबद्दल आणि सुट्टीबद्दल अवाक्षर नाही.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. सत्यशोधक समाजातले, महात्मा फुल्यांचे सहकारी. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनी चालवलं. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकारानं गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि हजारो सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या आज वाचल्या तर अंगावर काटा येतो, कारण त्या किती साध्या आहेत. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय. ही शेवटची मागणी त्या पट्ट्यांखाली उभं राहिलेल्या माणसांचीच असू शकते.

रविवार "पूर्ण" हवा होता, त्यालाही कारण होतं. सुट्टी म्हणून जी काही मिळायची तिच्यातही मशिनं पुसायला बोलावणं असायचं. शाफ्ट फिरत असताना नीट साफसफाई होत नाही, आणि दिवसाउजेडी शाफ्ट थांबायचा तो सुट्टीलाच. (रविवारी मध्यरात्री मेंटेनन्स विंडो घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) अखेर जून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात ती आली. म्हणजे मी ज्या वीकेंडला बसून हे लेख पाडतो, त्यातला रविवार तरी गिरणगावाचा आहे.

१९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज गिरण्यांना मिळायला लागली. मग हळूहळू प्रत्येक मशीनला आपली मोटर आली आणि लाइनशाफ्ट उतरले. अमेरिकेत डेन्व्हरला १९१७ मध्ये जॉन गेट्सनं रबर आणि कापडाचा व्ही-बेल्ट बनवला होता. सपाट पट्टा पुलीवर नुसता टेकतो, व्ही-बेल्ट खाचेत पाचरीसारखा रुततो. त्यामुळे तेवढ्याच ताणात पकड सुमारे तिप्पट. अट एकच, बेल्टनं खाचेच्या बाजू धरल्या पाहिजेत, तळाला टेकता कामा नये.

आता चला गोखिवऱ्याच्या छतावर. मेन स्विच बंद करून मामाला त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसवलं, कुणालाही हात लावू देऊ नको म्हणून. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये तर लिहिलं होतं की चालू यंत्राच्या पट्ट्याशी काम करणारा माणूस खास शिकवलेला आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेला हवा. माझा टी-शर्ट ढगळ होता. मी तो खोचला.

गार्ड काढलं. पुलीचा तळ आरशासारखा चकचकीत. खाच बी साइजची, म्हणजे १७ मिलिमीटरच्या बेल्टची, आणि फिटरनं बसवलेला ए, १३ चा! तळाला टेकून नुसता घसरत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून बी बेल्ट आणला आणि जुनी ४ इंची पुली परत चढवली. दोन्ही पुल्यांच्या कडांना दोरी ताणून लावली आणि ती चारही ठिकाणी टेकेपर्यंत मोटर सरकवली. मग ताण. मध्यावर अंगठ्यानं दाबलं तर मीटरभर अंतराला दीडेक सेंटिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणला तर बेअरिंग जातं, सैल ठेवला तर बेल्ट किंचाळतो.

चालू केलं. किंचाळणं गेलं. धूर होता तिथेच!

अर्धा तास डोकं खाजवलं. मग ब्लोअरच्या अंगावर तेलाखाली दडलेला एक बाण दिसला. स्विच क्षणभर लावून काढला आणि पंखा थांबता थांबता पाहिलं, तर तो बाणाच्या उलट फिरत होता. गंमत अशी की साधा पात्यांचा पंखा उलटा फिरला तर हवा उलटी येते आणि लगेच कळतं. असा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेनं जाते, फक्त फार कमी. एरर नाही, क्रॅश नाही, आउटपुट तेवढं चुकीचं. तीन महिने सगळे बेल्टला आणि पुलीला दोष देत होते. मोठ्या पुलीनं काय झालं तेही मग समजलं. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते. ४ ची पुली ५ इंची केली की वेग सव्वापट आणि मोटरवरचा बोजा जवळपास दुप्पट.

शेजारच्या गाळ्यातल्या वायरमननं तीनपैकी दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या. दोन मिनिटांचं काम. हूडाखाली आचाऱ्यानं कागद धरला, तो सर्रकन वर चिकटला.

खाली चहा घेताना मामा आजोबांबद्दल बोलला. कार्डिंग खात्यात कापसाची धूळ सतत तरंगत असते. ती वर्षानुवर्षं छातीत जाऊन जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि त्याची खूण अशी की छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी. आजी समजायची, रविवारी मटण खाल्लं म्हणून. मामाला वाटायचं, बाबांना सोमवारी कामावर जायचं नसतं. १९४८ च्या त्याच कायद्यात एक कलम होतं, धूळ निघते तिथेच, शक्य तितक्या जवळ ती ओढून घेणारी सोय करा. "पंखे होते म्हणे," मामा म्हणाला. "ओढत होते की नाही, कोणी कागद धरून बघितलं?"

आचाऱ्याचं सोमवारचं काय ते मला माहीत नाही. धूर आणि कापूस वेगळे. पण मामानं त्याला डॉक्टरकडे पाठवायचं कबूल केलंय.

काल फोन केला. नवा बेल्ट पहिल्या एकदोन दिवसांत थोडा सैलावतो, पुन्हा ताणावा लागतो. म्हटलं, रविवारी येतो. "रविवारी कशाला?" मामा म्हणाला. "सुट्टी असते इथे. शनिवारी ये, डबे गेले की."