पाच जणांनी मारलं, मग खुनी किती?

वस्तीवर हल्ला करायला येणारे घोळक्याने येतात. कोर्टात मात्र प्रत्येकाचा बचाव एकच असतो, 'मी नुसता उभा होतो.' हा बचाव कधी टिकतो आणि कधी नाही, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवं.

नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५० साली त्या राज्यात पाच जणांनी एका माणसाला ठार मारलं. खालच्या कोर्टाने पाचही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने त्यातल्या दोघांना जन्मठेप दिली. उरलेले तिघे सुप्रीम कोर्टात गेले. 'पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य' या खटल्याचा निकाल ३ डिसेंबर १९५४ रोजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. पांडुरंगवरचा खुनाचा ठपका गेला, गंभीर दुखापतीबद्दल दहा वर्षं उरली. बाकी दोघांची फाशी जाऊन जन्मठेप झाली.

असं का झालं? कलम ३४ ला समान इरादा लागतो, म्हणजे आधी ठरलेला बेत. तो बेत जागच्या जागीही होऊ शकतो, पण त्याचा पुरावा लागतो. इथे साक्षीदार पोहोचले तेव्हा मारहाण सुरू झाली होती. त्याआधी काय घडलं, हे सांगणारा कोणी नव्हता. पाच जणांनी एकाच वेळी मारणं वेगळं आणि पाच जणांनी मिळून मारणं वेगळं, असं कोर्टाने धरलं. कलम १४९, म्हणजे बेकायदा जमाव आणि त्याचं समान उद्दिष्ट, याचा तर आरोपच ठेवलेला नव्हता.

त्या कलमाची ताकद १९६४ च्या 'मसलती' खटल्यात दिसली. जमावातल्या प्रत्येकाने स्वतः वार केला हे सिद्ध करायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. पण जमाव मोठा असेल तर एकाहून अधिक साक्षीदारांनी त्याच माणसाचं नाव सुसंगतपणे घेतलेलं असावं, ही खबरदारीही घालून दिली.

आता आपल्याकडे पाहा. नामांतराच्या लढ्यात १९७८ साली नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जमावाने मारलं. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत गावात भीमजयंती काढणाऱ्या तरुणाचा खून झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जातीच्या कारणावरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र कलम आहे, १०३(२). बोंढारचा खून त्याआधीचा, म्हणून तिथे जुनी कलमंच चालणार.

मित्रांनो, मोर्चा काढाच, पण फिर्याद लिहिताना पोलीस ठाण्यात बसा. वार कोणी केला एवढ्यावर थांबू नका. कोण बोलावून आणत होता, कोणी वाट अडवली, कोण काय ओरडला, हल्ला कसा सुरू झाला, हे पहिल्याच जबाबात आलं पाहिजे. आरोप निश्चित होताना जमावाचं कलम आहे की नाही, हे सरकारी वकिलाला विचारा.

आणि एक विसरू नका. हीच कलमं आंदोलनानंतर आपल्या पोरांवरही लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर धरपकड कोणाची झाली ते आठवा. म्हणून 'जमावातले सगळेच दोषी' ही घोषणा आपली असू शकत नाही. ज्याचा जेवढा वाटा, त्याला तेवढी शिक्षा, आणि तो वाटा पुराव्याने दाखवायचा. बाबासाहेबांच्या संविधानाला मानणाऱ्याने न्याय असाच मागायचा.

जय भीम!