कललेलं भांडं : मांजराच्या एका दुखण्याचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेरूने अम्मीच्या जानमाजवर लघवी केली. शेरू म्हणजे आमचा पिवळा बोका, वय वर्षे पाच. या पाच वर्षांत त्याने घरात कधी घाण केली नव्हती. परसातल्या वाळूच्या ढिगावर जायचं, उकरायचं, झाकायचं आणि परत यायचं, हा त्याचा शिरस्ता. अम्मीने जानमाज धुऊन उन्हात टाकली. दुसऱ्या दिवशी त्याने गादीवर केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा जानमाजवर.

घरात चर्चा सुरू झाली. मांजराचं उष्टं चालतं, पण मांजराची लघवी नापाक, हा मसला आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो. "नमाजची जागाच पाक राहत नसेल तर त्याला बाजारात सोडून या," असं एका वडीलधाऱ्यांनी सांगूनही टाकलं. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. गारगोटीत काय किंवा कुठेही काय, मांजर घरातून बाहेर काढलं जातं ते बहुतेक वेळा याच कारणाने. आणि हेच कारण बहुतेक वेळा आजाराचं पहिलं लक्षण असतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी शेरू वाळूत नुसता बसून राहू लागला. बसायचा, कुंथायचा, ओरडायचा, उठायचा, पुन्हा दुसरीकडे बसायचा. मला वाटलं, बद्धकोष्ठ झालंय. मी एरंडेल शोधत होतो. दादीला वाटलं, मुतखडा असेल. तिने हुलगे शिजत घातले. शेजारच्या काकांनी कुंपणावरची पानफुटीची चार पानं आणून दिली. माणसाला गुण येतो तर मांजराला का नाही, असा सगळ्यांचा सरळ हिशेब होता. या हिशेबात चूक कुठे होती, ते शोधत मी पुढचे काही महिने वाचत राहिलो. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

सुरुवात आपल्या जवळच्या गोष्टीपासून करतो. हजरत अबू कतादा (रजि.) यांचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. त्यांची सून कबशा त्यांच्यासाठी वुजूचं पाणी ओतत होती. तेवढ्यात एक मांजर आलं. अबू कतादांनी भांडं कलतं केलं आणि मांजराला पोटभर पिऊ दिलं. सून आश्चर्याने पाहत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितलं की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या म्हणण्याप्रमाणे मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे. मुवत्ता, अबू दाऊद, तिरमिजी या संग्रहांत ही हदीस आहे. फिकहच्या पुस्तकांत ती येते उष्ट्या पाण्याच्या प्रकरणात. मी मात्र शेरूच्या आजारानंतर तिच्यातल्या त्या भांड्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. का, ते पुढे सांगतो.

मांजराशी दया दाखवण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. तेराव्या शतकात इजिप्तचा सुलतान बैबर्स याने कैरोजवळची एक बाग बेवारस मांजरांच्या पोटासाठी ठेवली होती. एडवर्ड लेन या इंग्रज लेखकाने १८३६ साली कैरोच्या जनजीवनावर पुस्तक लिहिलं, तेव्हा ती बाग कधीच हातोहात विकली गेली होती. तरी काझीच्या कचेरीच्या अंगणात रोज दुपारनंतर मांजरांसाठी खाणं ठेवलं जात होतं. साडेपाचशे वर्षं टिकलेली ही रीत आहे.

पण दया एक आणि औषध एक. मांजरावर प्रेम करणाऱ्यांनी मांजराच्या आजारावर फारसं लिहिलं नाही. अरबीत गुरांच्या वैद्याला 'बैतार' म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीकमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ घोड्याचा वैद्य. आपल्याकडे शालिहोत्राचा ग्रंथ घोड्यांवरचा, पालकाप्याचा ग्रंथ हत्तींवरचा. बहमनी काळात इथेच दख्खनमध्ये शालिहोत्र फारसीत गेला, तोही घोड्यांसाठीच. अल जाहिज आणि अल दमीरी यांच्या प्राणिग्रंथांत मांजर आहे, पण ते स्वभाव, किस्से आणि मसले यांच्या निमित्ताने. राजाची लढाई घोड्यावर आणि हत्तीवर चालायची. मांजरावर कुणाची लढाई अडली नव्हती.

इंग्रजांच्या काळातही हेच चाललं. पुण्यात १८८९ साली जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, ती गुराढोरांच्या साथींसाठी. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एका पारशी कुटुंबाच्या दानातून उभं राहिलं. पण तिथेही त्या काळचे मुख्य रुग्ण म्हणजे गाडीचे बैल आणि घोडे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली गोकुळ दूध संघ आला, म्हैस हे घराघराचं उत्पन्न झालं आणि जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशीचा डॉक्टर हे समीकरण पक्कं झालं. यात मी कुणाला दोष देत नाही. वेदगंगेच्या काठावरच्या शेतकऱ्याची म्हैस आटली तर घराचा हप्ता चुकतो. मी शेरूसाठी एका ठिकाणी फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "मांजरच हाय न्हवं? आपोआप बरं व्हतंय." त्या उत्तरामागे शंभर-दीडशे वर्षांचा हा सगळा इतिहास उभा आहे.

मांजराच्या लघवीच्या त्रासाची पुस्तकी नोंद अगदी अलीकडची. हॅमिल्टन कर्क यांचं मांजरांच्या आजारांवरचं इंग्रजी पुस्तक १९२५ साली लंडनहून निघालं. त्यात लघवी तुंबण्याचं वर्णन आहे. पुढे अमेरिकेत आणि युरोपात मांजरं घरात कोंडली गेली, १९४७ नंतर त्यांच्या संडासासाठी मातीची पाकिटं विकत मिळू लागली आणि ताटलीत ओल्या खाण्याऐवजी कोरडे दाणे आले. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये विलेबर्ग यांनी अभ्यास करून दाखवलं की कोरडं खाणं, कमी हालचाल आणि वाढलेलं वजन यांचा या त्रासाशी संबंध आहे.

त्यानंतर सगळ्यांचं लक्ष खड्यांकडे गेलं. मॅग्नेशियमच्या खड्यांवर उपाय म्हणून कंपन्यांनी खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी होईल असं खाणं बनवलं. ते खडे कमी झाले, पण ऑक्सलेटचे खडे वाढले. आणि ते आहाराने विरघळत नाहीत, काढावेच लागतात. एका खड्यावरचा उपाय दुसऱ्या खड्याला पोषक ठरला. आजही कुणी मांजराला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर द्यायला सांगतं, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. खडा कोणता आहे हे लघवी तपासल्याशिवाय घरी बसून कळत नाही.

आणि मुळात खडा असतोच असं नाही. हे वाचून मला सर्वांत मोठा धक्का बसला. लघवीच्या त्रासाने दवाखान्यात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मांजरांत ना खडा सापडतो, ना जंतू. मूत्राशयाला नुसतीच सूज असते. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये टोनी बफिंग्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आणि दाखवलं की यात मनावरचा ताण मोठा भाग घेतो. घरात नवं माणूस, नवं मांजर, बांधकामाचा आवाज, जागेतला बदल, एवढंही पुरतं. आमच्याकडे त्याच महिन्यात वरच्या खोलीचं काम सुरू होतं आणि दिवसभर फरशी कापायचं मशीन ओरडत होतं.

या सुजेची आणखी एक गंमत अशी की वाट मोकळी असेल तर ती बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप ओसरते. मग त्या आठवड्यात तुम्ही जे दिलं असेल त्याला श्रेय मिळतं. सराट्याचा काढा दिला तर सराट्याला, जवाचं पाणी दिलं तर जवाला, ताईत बांधला तर ताईताला. अल राजींनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी किडनी आणि मूत्राशयाच्या खड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. युनानीत सराटा, हजरुल यहूद अशी औषधं आजही वापरात आहेत. मला त्या परंपरेचा आदर आहे. पण ती औषधं माणसाच्या शरीरासाठी तोलून घेतलेली आहेत, आणि मांजराचं यकृत माणसासारखं काम करत नाही. आपल्याला ताप आला की घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. दादीच्या हुलग्याच्या माडग्याला लसणाचीच फोडणी होती. आणि पानफुटीत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, जनावरं ती खाऊन दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे त्या दिवशी आम्ही प्रेमापोटी शेरूसमोर जे जे मांडलं होतं, त्यातलं निम्मं त्याला मारणारं होतं. त्याने काहीच तोंडात घेतलं नाही, ही अल्लाहची मेहेरबानी.

पाचव्या दिवशी पहाटे तो उलटी करून आडवा पडला. पोट हाताला कडक गोळ्यासारखं लागत होतं. फजरनंतर माझी बहीण म्हणाली, "भाईजान, याने कालपासून एक थेंब केलेला नाही. मी वाळू बघितली." तिने वाळू बघितली म्हणून शेरू आज आहे. आम्ही त्याला टोपलीत घालून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी गुंगी देऊन नळी घातली, सलाईन लावलं, तीन दिवस ठेवून घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं : बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. सूज, चिकट स्राव आणि बारीक खर यांची गुठळी तिथे अडकली की लघवी मागे तुंबते. रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. पूर्ण वाट बंद झाली की हातात दोन-तीनच दिवस असतात, त्यातलाही पहिला दिवस मोलाचा. वाळूत बसून कुंथणारा बोका बद्धकोष्ठाचा आहे असं समजणं, ही लोकांची नेहमीची चूक.

घरी आल्यावर दादी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपला काळा बोका पण असाच करायचा." मी तेव्हा लहान होतो. तो बोका दोन दिवस ओरडला आणि नाहीसा झाला. बोका मरायला घर सोडून जातो, असं आम्हाला सांगितलं होतं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं कुणीतरी काही घातलं. तो पूर्ण वाट बंद होऊन कुठल्या तरी गवताच्या गंजीमागे मेला असणार.

मग घरी करण्यासारखं काहीच नाही का? उलट, पुढचं जवळजवळ सगळं काम घरचंच आहे, फक्त ते काढ्याचं नाही. मांजराचा पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातलं रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. वाळवंटात शिकारीच्या रक्तामांसातूनच पाणी मिळवायचं, वरून फार प्यायचं नाही आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, अशी त्याच्या शरीराची रचना. म्हणून तहान लागली तरी ते माणसासारखं पाणी मागत नाही. त्याला सुकट आणि कोरडे दाणे घालून कोपऱ्यात एक वाटी ठेवली की आपलं काम संपलं, असं होत नाही.

आता आमच्याकडे शेरूच्या पाण्याची चार भांडी आहेत. पसरट, जेवणापासून लांब, रोज धुतलेली. त्याचं खाणं ओलं असतं आणि वर दोन-तीन चमचे कोमट पाणी. उकडलेल्या कोंबडीचं अळणी पाणी तो आवडीने पितो. पण नुसत्या कोंबडीवर मांजराचं भागत नाही, म्हणून मुख्य खाणं डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच. सुकट बंद, दूधही बंद. वाळूचं एक तसराळं घरात शांत जागी आणि एक परसात, दोन्ही रोज साफ. कपाटावर त्याच्यासाठी एक गोणपाट आहे, तिथे त्याला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी दहा मिनिटं दोरीशी खेळ. आणि रोज रात्री बहीण वाळू बघते. ओला गोळा नसेल तर कोल्हापूरला फोन, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

अम्मीने जानमाज आता नमाज झाली की घडी करून कपाटात ठेवायची सवय केली आहे. मसला तसाच आहे, त्यात कुणी काही बदललं नाही. सवय आम्ही बदलली. बाजारात सोडून या म्हणणारे ते वडीलधारे परवा आले होते. वुजू करून उठताना शेरू पायाशी आला, तेव्हा त्यांनी काही न बोलता लोटा कलता करून धरला. शेरूने पाणी वास घेऊन पाहिलं आणि प्यायला.