क्रोम गंजत नाही, मग गंजतं काय?

आजचा विषय कागदावर फार लहान दिसतो. मोटारीच्या बंपरवर, ग्रिलवर, दाराच्या पट्टीवर जो चकचकीत क्रोमचा मुलामा असतो, तो खराब का होतो आणि तसा झाला की त्याचं काय करायचं? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा हा विषय आमच्याकडे कुठून आला असं कुणी विचारील. उत्तर असं की, वस्तू एकदा नीट झाकली की तिच्याकडे पुन्हा पाहावं लागत नाही, ही विसाव्या शतकाची एक मोठी समजूत या मुलाम्यात साठलेली आहे. ती कशी तयार झाली, कशी फसली आणि तिच्या जागी काय आलं, ते आज आपण पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे क्रोमियमला तांबडा गंज चढत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडची अतिशय पातळ, पारदर्शक साय धरते. ओरखडा गेला तरी ती पुन्हा धरते. मग बंपरवर जे तांबूस ठिपके दिसतात ते कशाचे? ते खालच्या लोखंडाचे. क्रोम फक्त त्यांना बाहेर यायला वाट देतं. म्हणजे आपण ज्याला 'क्रोमचा गंज' म्हणतो तो मुळात क्रोमचा नसतोच. आता ही वाट कशी पडते, ते समजण्यासाठी थोडं मागे जाऊ.

१७९७ साली पॅरिसमध्ये लुई-निकोला व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञाने रशियातून आलेल्या शिशाच्या तांबड्या खनिजात एक नवा धातू असल्याचं ओळखलं आणि पुढे तो वेगळाही केला. त्याची संयुगं इतक्या रंगांची होती की ग्रीक भाषेतल्या रंगवाचक 'क्रोमा' शब्दावरून त्याचं नाव पडलं. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा हे दोन्ही रंग क्रोमियममुळेच येतात. पुढे ज्या धातूकडे जग केवळ आरसा म्हणून पाहणार होतं, त्याचं नाव रंगावरून पडावं ही इतिहासाची गंमत आहे.

सुरुवातीच्या मोटारींवर क्रोम नव्हतं. दिवे आणि रेडिएटर पितळेचे असत, आणि आपल्या देवघरातल्या समया जशा घासाव्या लागतात तसे ते घासावे लागत. नंतर निकलचा मुलामा आला. तो पितळेपेक्षा टिकाऊ होता, पण उन्हापावसात पिवळट पडून मंद व्हायचा आणि फडकं मारावंच लागायचं. क्रोमियमचा मुलामा विजेच्या साहाय्याने चढवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू होते, पण ते भरवशाचे नव्हते. अमेरिकेत जॉर्ज सार्जंट यांनी १९२० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कोलंबिया विद्यापीठातले कॉलिन फिंक यांनी ही क्रिया कारखान्यात चालवण्याजोगी केली आणि १९२६ साली तिचं पेटंट मिळवलं. नेमकी मेख अशी होती की, क्रोमिक आम्लाच्या द्रावणात सल्फेट अगदी मोजून, साधारण शंभरास एक या प्रमाणात, ठेवावं लागतं. ते कमीजास्त झालं की मुलामा बिघडतो. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकी मोटारींचे रेडिएटर, दिवे, बंपर क्रोमने झळकू लागले. विक्रेत्याला सांगण्यासारखं त्यात एकच होतं: आता घासायला नको.

इथे आपल्या घरातली कल्हई आठवून पाहा. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा असे. कल्हईवाला गल्लीत भाता मांडून बसायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि भांडं पांढरंशुभ्र व्हायचं. पण कल्हई कायमची आहे असं घरात कुणीच समजत नसे. ती उडणार, आणि उडाली की आंबट पदार्थ कळकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलामा म्हणजे ठरावीक काळाने नवा करायचा करार होता. क्रोमने तो करार मोडून कायमचं वचन दिलं.

ते वचन फसलं त्याचं कारण थराच्या जाडीत आहे. बंपरवरचं क्रोम बहुधा अर्ध्या मायक्रॉनहून जाड नसतं. आपला केस त्याच्या शंभरपट तरी जाड असतो. खरं संरक्षण करतो तो क्रोमखालचा निकलचा थर. त्याची जाडी दहापासून तीसेक मायक्रॉन असते, आणि कित्येकदा त्याच्याही खाली तांब्याचा थर असतो. क्रोमच्या थरात ताण असतो, त्यामुळे त्याला सूक्ष्म तडे आणि छिद्रं असतातच. छिद्रातून ओल आत गेली की निकल आणि क्रोम मिळून एक बारीकशी बॅटरी तयार होते. त्यात निकल झिजतं आणि क्रोम सुखरूप राहतं. धरणाला एकच भगदाड पडावं आणि सगळ्या पाण्याचा जोर तिथेच यावा, तसं होतं. क्रोमचं क्षेत्र मोठं, छिद्र टाचणीच्या टोकाएवढं, म्हणून सगळी झीज त्या एका बिंदूवर एकवटते. खड्डा लोखंडापर्यंत पोचला की तांबूस ठिपका दिसतो. भाग जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असेल, जशी कित्येक जुन्या गाड्यांची चिन्हं आणि दारांच्या मुठी असत, तर तांबूस ठिपक्याऐवजी फुगे येतात आणि पांढरी भुकटी निघते.

याउलट आपली जस्ती बादली पाहा. तिला ओरखडा गेला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण तिथे जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. हे तत्त्व जुनंच आहे. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून ते दाखवलं होतं. म्हणजे मुलाम्याच्या दोन जाती झाल्या. एक स्वतः झिजून खालच्याला राखते. दुसरी अभंग आहे तोवरच राखते, आणि भंगली की खालच्यालाच पुढे करते. निकल-क्रोम या दुसऱ्या जातीचं आहे.

आता इतिहासाने या मुलाम्याची परीक्षा कशी घेतली ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात निकल आणि क्रोमियम रणगाड्यांना, तोफांना, विमानांना हवं होतं. १९४२ च्या आरंभी अमेरिकी सरकारने नव्या मोटारींवरच्या चकचकीत सजावटीला बंदी घातली. बंपरचा अपवाद ठेवला आणि बाकीचे भाग रंगवून गाड्या बाहेर पडल्या. फेब्रुवारीत तर नागरी मोटारींचं उत्पादनच थांबलं. पुढे कोरियाच्या युद्धात निकल पुन्हा दुर्मिळ झालं. त्या वर्षांतल्या गाड्यांवर निकलचा थर पातळ केला गेला किंवा वगळला गेला, आणि क्रोम मात्र वर झळकत राहिलं. दुकानात गाडी तशीच दिसायची, पण मुलामा लवकर उडायचा. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही त्या क्रोमला नाक मुरडतात.

त्याच सुमारास दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या. एकीकडे जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली क्रोमची हौस शिगेला पोचली. १९५८ च्या ब्युइकचं ग्रिल तर चकचकीत चौकोनांनी भरलेलं होतं. दुसरीकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत पसरली. न्यू हॅम्पशायरने ती १९४१-४२ च्या हिवाळ्यात धोरण म्हणून सुरू केली आणि युद्धानंतर ती सर्वत्र गेली. मिठातलं क्लोराइड या बॅटरीला अधिकच जोर देतं. गाड्यांवर क्रोम सर्वाधिक होतं त्याच काळात रस्त्यावर मीठही वाढत होतं.

अभियंत्यांनी यावर जे उत्तर शोधलं ते आम्हाला फार विचार करण्यासारखं वाटतं. पहिला उपाय निकलचे दोन थर देण्याचा. वरचा चकचकीत थर गंधक असलेल्या द्रव्यांनी उजळवलेला असतो. त्यांपैकी एक द्रव्य म्हणजे आपलं साखरेऐवजी वापरायचं सॅकरिन! खालचा निमचकचकीत थर गंधकाविना असतो. गंधकवाला थर आधी झिजतो. त्यामुळे खड्डा दोन थरांच्या सीमेवर पोचला की सरळ खाली न जाता आडवा पसरतो आणि लोखंडापर्यंत पोचायला त्याला पुष्कळ वेळ लागतो.

दुसरा उपाय त्याहून उलटा. छिद्रं टाळता येत नाहीत ना, मग ती वाढवा! निकलमध्ये अतिसूक्ष्म कण मिसळतात. त्या कणांवर क्रोम बसत नाही, त्यामुळे एका चौरस सेंटिमीटरमध्ये १०,००० किंवा त्याहून जास्त छिद्रं मुद्दाम तयार होतात. एका भगदाडावर येणारा जोर हजारो जागी वाटला गेला की कुठल्याच जागी खोल खड्डा पडत नाही. अभंग आवरणाचा हट्ट सोडला तेव्हा आवरण टिकायला लागलं.

न्यूयॉर्कची क्रायस्लर इमारत १९३० साली पुरी झाली. तिच्या एकतिसाव्या मजल्यावर मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणासारखी शिल्पं आहेत आणि शिखर लखलखतं. पण तिथे मुलामा नाही. ते स्टेनलेस पोलाद आहे, त्यात क्रोमियम अंगभर मिसळलेलं आहे. म्हणून ते आजही उभं आहे आणि क्वचितच धुवावं लागलं. 'वरवरचं ते खोटं आणि आतलं ते खरं' असं आपण पटकन म्हणतो. पण या पोलादालाही शेवटी राखते ती क्रोमियमच्या ऑक्साइडची वरची सायच! फरक एवढाच, की साय फाटली तर नवी धरायला लागणारं क्रोमियम तिथे खालीच असतं. तेव्हा वरवरचं म्हणजे खोटं, असं नाही. पृष्ठभागाच्या मागे काय आहे, हा खरा प्रश्न आहे.

या पृष्ठभागाच्या मागे माणसंही आहेत. क्रोम चढवताना विजेचा बराच भाग हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो, आणि ते बुडबुडे फुटताना क्रोमिक आम्लाचं धुकं उडतं. ते धुकं हुंगणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडे, हातांवर न भरणाऱ्या जखमा होत. क्रोम मोटारींवर येऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा, १९२८ मध्येच, अमेरिकेत या धोक्याची पाहणी प्रसिद्ध झाली होती. षट्संयुजी क्रोमियममुळे कर्करोग होतो, हेही आता निर्विवाद आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमिक आम्ल खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. सौम्य अशा त्रिसंयुजी क्रोमकडे उद्योग वळतो आहे, आणि बाजारात आता काळ्या पट्ट्यांच्या गाड्याही दिसतात. बंपरला छिद्र पडू नये म्हणून माणसाच्या नाकाला छिद्र पडावं, हा हिशेब बरीच वर्षं कुणी मांडला नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून दशकानुदशकं धावली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. मुंबईत बर्फाचं मीठ नाही, पण समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल आहे. अशी जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांना हा इतिहास हाताशी उपयोगी पडेल.

आधी भाग ओळखा. लोहचुंबक घट्ट चिकटला तर खाली लोखंड आहे, नाही चिकटला तर जस्त, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस पोलाद असू शकतं. नुसते तांबूस ठिपके असतील तर साबणाच्या पाण्याने धुऊन, ओल्या ॲल्युमिनियमच्या कागदाने हलकेच घासा. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्याने गंज निघतो आणि क्रोमला सहसा ओरखडा जात नाही. सॅंडपेपर लावू नका. मग कोरडं करून मेण लावा, आणि पावसाळ्याआधी व नंतर पुन्हा लावा. मेणाने छिद्रं काही काळ बुजतात, कायमची नाहीत. पापुद्रे सुटले असतील, फुगे आले असतील, तर वरून काहीही लावून उपयोग नाही. मुलामा पूर्ण उतरवून, खड्डे भरून, तांबं-निकल-क्रोम नव्याने चढवावं लागतं. हे काम घरी करायचं नाही. ज्या कारखान्यात धूर खेचून घेण्याची आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आहे तिथेच ते द्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि प्रत्येक ठिपका घालवलाच पाहिजे असंही नाही. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली, तिचा भर जुनं शक्य तितकं राखण्यावर आहे. जुन्या वाहनांच्या जतनातही आता हा विचार रुजला आहे. गंज थांबवणं आणि गंजाच्या सगळ्या खुणा पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं नेहमी करावं. दुसरं करण्यापूर्वी ते कशासाठी करतो आहोत, आणि त्याची किंमत कुणाच्या फुप्फुसांतून जाणार आहे, हे स्वतःला विचारावं.

कल्हईवाल्याला माहीत होतं की आपल्याला परत यायचं आहे. क्रोमच्या बाबतीतही तेवढंच मान्य केलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. आता प्रश्न घेऊ.